मूळ, भाष्य आणि प्रक्षेप : ‘गंडम सेंच्युरी’ व तिचा वाचकवर्ग

टीका ही मूळ ग्रंथाची सेविका असते, की हळूहळू तीच त्याची स्वामिनी होऊन बसते, हा प्रश्न संस्कृत काव्याच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. निराधार असे काहीही लिहावयाचे नाही, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथाने केली, ती टीकाकाराच्या हाती केवढी सत्ता असते हे तो जाणून होता म्हणूनच. हाच प्रश्न अगदी निराळ्या क्षेत्रात, जपानमधील एका सचित्र पूरक ग्रंथाच्या निमित्ताने, वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी हिरिरीने चर्चिला आहे. तो ग्रंथ म्हणजे १९८१ मध्ये मिनोरी शोबो या प्रकाशनसंस्थेने काढलेला ‘गंडम सेंच्युरी’ होय.

ज्या चलच्चित्र मालिकेचा हा पूरक ग्रंथ, ती ‘मोबाइल सूट गंडम’ ७ एप्रिल १९७९ पासून २६ जानेवारी १९८० पर्यंत जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. मालिकेस आश्रय खेळणी तयार करणाऱ्या एका कंपनीचा होता, आणि योजलेले बावन्न भाग पुरे होण्यापूर्वीच, त्रेचाळिसाव्या भागाशी ती आटोपती घ्यावी लागली. प्रेक्षकसंख्या कमी आणि खेळण्यांचा खप त्याहून निराशाजनक, ही त्याची कारणे. तिला खरी लोकप्रियता लाभली ती पुनःप्रक्षेपणामुळे, १९८० च्या उन्हाळ्यात निघालेल्या प्लॅस्टिकच्या जोडावयाच्या प्रतिकृतींमुळे, आणि १९८१-८२ मधील तीन संकलित चित्रपटांमुळे. थोडक्यात, ही कृती प्रथम दर्शनी नाकारली गेली आणि मग वाचकांनी, होय, प्रेक्षकांइतकेच वाचकांनी, ती वर काढली. मासिकांतील लेख, पत्रव्यवहार आणि चाहत्यांच्या मंडळांची हस्तपत्रे यांचा त्यात मोठा वाटा होता.

‘गंडम सेंच्युरी’चा जन्म याच वातावरणात झाला. अशा पुस्तकांना जपानमध्ये ‘मूक’ म्हणतात. मासिक आणि ग्रंथ यांच्यामधला हा प्रकार. चित्रांचा भरणा, सुटसुटीत लेख आणि कोष्टके असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. त्याचे कुळ आणखी मागे नेता येते. शोजी ओतोमो यांनी १९६७ मध्ये ‘काइजू झुकाई न्यूमोन’ या पुस्तकात दूरचित्रवाणीवरील राक्षसांची शरीररचना आकृत्यांनी दाखविली होती. पडद्यावर जे केवळ भयप्रद, ते कागदावर छेद घेऊन समजावून द्यावयाचे, ही बालवाचकांस लागलेली गोडी पुढे त्यांच्याबरोबरच प्रौढ झाली. ‘गंडम सेंच्युरी’च्या लेखकवर्गात त्या वेळी विद्यार्थिदशेतच असलेले शोजी कावामोरी होते, १९८२ मध्ये ‘मॅक्रॉस’ या मालिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. तेव्हा या ग्रंथाला चाहत्यांचे भाष्य म्हणावे की व्यावसायिकांचे, हे ठरविणे अवघडच आहे.

या ग्रंथाच्या निर्मितीमागे एक वादही होता. विज्ञानकथालेखक हारुका ताकाचिहो यांनी ‘गंडम’ ही विज्ञानकथाच नव्हे असे प्रतिपादन केले, आणि त्यावरून मोठे रण माजले. हा आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. अठरा मीटर उंचीचा मनुष्याकृती यंत्रयोद्धा अंतराळात कशासाठी हवा? त्याचे सरळ उत्तर असे की, खेळणी विकणाऱ्याला तो हवा होता. मालिकेने मात्र या सक्तीतून एक चतुर वाट काढली होती. मिनोव्स्की नावाचे काल्पनिक कण पसरले की रडार निकामी होते, दूरवरून नेम धरणारी क्षेपणास्त्रे निरुपयोगी ठरतात, आणि योद्ध्यांना डोळ्यांनी पाहूनच लढावे लागते. (हे नाव दिग्दर्शकाच्याच नावावरील श्लेष आहे, असे सांगितले जाते.) ‘गंडम सेंच्युरी’ने या एका गृहीतावर उपपत्तींची इमारत चढविली.

त्या इमारतीचा सर्वांत प्रसिद्ध मजला म्हणजे ‘अँबॅक’ ही कल्पना. अंतराळात देहाची दिशा बदलावयाची असेल तर इंधन जाळावे लागते. परंतु हातपाय हलविले तर कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेमुळे धड उलट दिशेस वळते आणि इंधन वाचते. म्हणून यंत्रयोद्ध्याला हातपाय हवेत! खेळण्यांच्या बाजारासाठी मिळालेले अवयव असे भौतिकशास्त्राच्या दरबारात रुजू झाले. युक्तिवाद मूलतः खोटा नाही. उंचावरून पडणारे मांजर याच तत्त्वाने पायांवर येते. परंतु तो पुरा नाही, हेही वाचकांतील चिकित्सकांच्या लक्षात आले आहे. ज्या मार्गाने हात वर नेला त्याच मार्गाने खाली आणला, तर धड पूर्वस्थितीस येणार. दिशा टिकवावयाची तर अवयवांना जाण्याची व येण्याची वाट निरनिराळी हवी. शिवाय एवढ्याच कामासाठी कृत्रिम उपग्रहांत फिरती चाके बसवितात. १९९० मध्ये सोडलेली हबल दुर्बीण चाकांवरच वळते, तिला हातपाय नाहीत. तेव्हा ‘अँबॅक’ हे मनुष्याकृतीचे समर्थन आहे, कारण नव्हे. समर्थन कारणाच्या वेषात आले, की त्यास जपानी चाहते ‘मागाहून जोडलेले’ असे म्हणतात. त्या शब्दांत कधी तिरस्कार असतो, कधी निव्वळ नोंद.

येथेच मतभेदाचे खरे मूळ आहे. एका पक्षास हा ग्रंथ आकरग्रंथ वाटतो. त्याच्या मते या कल्पित जगाला भूगोल, इतिहास आणि शास्त्र लाभले ते याच पुस्तकामुळे, आणि मालिकेत ज्या गोष्टींचा उच्चारही नाही त्या पुढे सर्वमान्य झाल्या यातच त्याचा गौरव आहे. दुसरा पक्ष चित्रपट्टीवर जे दिसते तेवढेच प्रमाण मानतो. बाकी सर्व प्रक्षिप्त. दुसऱ्या पक्षाची भूमिका तर्कशुद्ध असली तरी व्यवहारात ती टिकत नाही. ‘अँबॅक’ हा शब्द प्रतिकृतींच्या माहितीपत्रकांत शिरला आणि नंतरच्या पिढीने तो मालिकेसह एकत्रच शिकला. १९८३ पासून बांदाई कंपनीने यंत्रयोद्ध्यांच्या उपप्रकारांची जी प्रतिकृतिमाला काढली, तीही पडद्यावर कधी न दिसलेल्या यंत्रांची होती. प्रक्षेप संहितेत मुरला, की त्यास वेगळा काढण्यासाठी संपादक लागतो. आणि अशा कृतींना संपादक नसतो, मालक असतो.

सन २००० मध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तो प्रथमच हाती घेणाऱ्या तरुण वाचकाची स्थिती मोठी चमत्कारिक झाली असली पाहिजे. ज्या ग्रंथाची कीर्ती त्याने ऐकली होती त्यातील बहुतेक आशय त्यास इतरत्र आधीच भेटला होता. आकरग्रंथाच्या वाट्यास येणारा हा नेहमीचा अन्याय होय.

परंतु या ग्रंथावरील सर्वांत गंभीर आक्षेप शास्त्राचा नाही आणि प्रामाण्याचाही नाही. तो चाहत्यांच्या वादात क्वचितच पुढे येतो. मालिकेच्या आरंभीच निवेदक सांगतो की, महिन्याभराच्या युद्धात दोन्ही पक्षांनी मानवजातीच्या निम्म्या लोकसंख्येचा संहार केला. हे वाक्य उच्चारून मालिका पोरक्या मुलांच्या, भुकेल्या निर्वासितांच्या आणि लढण्याची इच्छा नसलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या कथेकडे वळते. पूरक ग्रंथांची परंपरा वळली ती यंत्रांच्या अनुक्रमांकांकडे. कोष्टकात वजन मावते, उंची मावते, इंजिनाची शक्ती मावते. चौदाव्या भागात शत्रूचे काही साधे शिपाई यंत्रयोद्ध्यावर स्फोटके चिकटवितात, आणि तो मुलगा जीव मुठीत धरून ती एकेक करून हातांनी काढतो. काम संपल्यावर तेच शिपाई खेडुतांच्या वेषात, हे धाडस कोणी केले ते पाहावयास जवळ येतात, त्याची चौकशी करतात आणि निघून जातात.