शाई, मात्रा आणि श्वास

जपानी सुलेखनकार कुंचला शाईत बुडवतो, तो क्षण पाहणाऱ्याच्या नजरेतून सहसा निसटतो. कागदावर उरते ती रेघ. शाईसाठी हात मागे वळला होता, हे कोण लक्षात ठेवतो? ‘मोजिब-रिबन’ या जपानी व्हिडिओ गेमने मात्र हा विसरला गेलेला क्षणच तालात बसवला आहे. म्हणूनच त्याकडे एक कलाकृती म्हणून पाहणे मला अगत्याचे वाटते.

मासाया मात्सुउरा यांच्या नानाऑन-शा या संस्थेने (नावाचा अर्थच ‘सात स्वर’) हा खेळ २००३ साली सोनीच्या प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी रचला. तो जपानबाहेर विक्रीस आला नाही आणि ते स्वाभाविकच होते, कारण त्याचा प्राणच जपानी भाषेत आहे. ‘मोजि’ म्हणजे अक्षर. पडद्यावरील सृष्टी कुंचल्याने व शाईने रेखाटल्यासारखी दिसते. रॅप गीताचे शब्द तालावर पुढे सरकतात. खेळणाऱ्याने हातातील दांडी वर-खाली करीत शाई घ्यायची आणि अक्षर लिहायचे. लिहिणे हेच गाणे.

हे साधते ते जपानी भाषेच्या घडणीमुळे. तिच्या ‘काना’ लिपीत (आपल्या काना-मात्रेतील काना नव्हे!) बहुधा एक अक्षर म्हणजे एक मात्रा. ‘निप्पोन’ हा शब्द आपल्याला दोन उच्चारांत संपल्यासारखा वाटतो. जपानी माणूस त्याच्या चार मात्रा मोजतो: नि, प्, पो, न्. साहजिकच हात आणि जीभ एकाच ठेक्यात चालू शकतात. मात्रावृत्तांवर वाढलेल्या मराठी वाचकाला यातील मौज सहज उमगेल.

तथापि एक उणीव सलते. गीत म्हणणारा आवाज मानवी नाही. तो यंत्राने जुळवलेला आहे. खेळणाऱ्याला स्वतःचे शब्द गीतात घालता येतात ते त्यामुळेच, हे मान्य. परंतु बुनराकु या बाहुलीनाट्यात गिदायू शैलीचा निवेदक शामिसेनच्या साथीने कथा गातो, तेव्हा त्याचा दीर्घ श्वास, कापरा हुंदका, मध्येच फुटणारे हसू यांतूनच पात्रे उभी राहतात. यंत्राला श्वास घ्यावाच लागत नाही. या खेळात श्वास घेतो तो केवळ कुंचला, शाईपाशी थांबून. निदान आधीपासून रचलेल्या गीतांपुरता तरी मात्सुउरांनी एखादा जिवंत गायक घ्यायला हवा होता.