राणी प्रेमात पडते, मग राज्य कोण बघतं?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी श्रावणात 'नवनाथ भक्तिसारा'चं पारायण लागायचं. वाचायला आजोबा आणि ऐकायला बहुतेक बायका. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातात तो भाग आला, की वाती वळणारे हात हळू व्हायचे. जिथं पुरुष जगतच नाही असं राज्य, तिथली राणी मैनाकिनी, तिच्या मोहात रमलेला नाथ, त्यांचा मुलगा मीननाथ आणि गुरूला सोडवायला बाईचा वेष घेऊन, मृदंग वाजवत दरबारात शिरलेला गोरख. मराठी घरांत वर्षानुवर्षं वाचली गेलेली याहून रंगतदार अद्भुत प्रेमकथा मला तरी ठाऊक नाही. एकदा नाथ राज्य सोडून निघाले तशी आत्या मध्येच म्हणाली, "आणि त्या राज्याचं पुढं काय झालं, आण्णा?" आजोबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढची ओवी सुरू केली.

आत्याचा तो प्रश्न मराठीतल्या सगळ्या स्त्रीराज्यांना लागू पडतो. धुंडीसुत मालूनं शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, चाळीस अध्यायांची ही पोथी पुरी केली. तिच्यात राणी शापमुक्त होऊन विमानानं निघून जाते आणि मागे उरलेल्या राज्यात पोथीला रस राहत नाही. स्त्रीराज्याची दुसरी राणी प्रमिला, तिचंही तेच. व्यासांच्या भारतात ती नाही. ती जैमिनीच्या अश्वमेधातली. अर्जुन राखत असलेला यज्ञाचा घोडा तिच्या राज्यात शिरतो, ती तो धरते, लढायला उभी राहते आणि शेवटी अर्जुनाला वरून हस्तिनापूरची वाट धरते. सगळं राज्य जणू लग्नाच्या मांडवासारखं उभारलेलं, वऱ्हाड हललं की उतरवायचं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली याच प्रमिलेवर नाटक लिहिलं तेव्हा नाव दिलं 'बायकांचे बंड'. राज्य त्यांचंच, गादी त्यांचीच, मग बंड कुणाविरुद्ध? नावातच निकाल लागून गेला.

'प्रभात'चा 'माया मच्छिंद्र' हा चित्रपट 1932 चा. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ आणि दुर्गा खोटे राणी, सोबतीला पाळीव चित्ता. आजही त्या चित्रपटाचा विषय निघाला की राणीचा तो थाटच आधी आठवतो. पण अखेरीस हा सगळा गुरूनं शिष्यासाठी रचलेला मायेचा खेळ ठरतो. म्हणजे राणीला राज्य तर नाहीच, स्वतःचं असणंही नाही. चार वर्षांनी त्याच संस्थेच्या हिंदी 'अमर ज्योती'त दुर्गाबाई सौदामिनी झाल्या, समुद्रावर चाचेगिरी करणारी, पुरुषांच्या कायद्यावर सूड उगवणारी. तिथं धार आहे, पण ते जहाज आहे, राज्य नव्हे.

याच्या उलट बाजूला खरोखर राज्य केलेल्या बायका आहेत आणि इथं आमच्या शेजारच्या बारामतीचा संबंध येतो. पन्हाळ्याला जन्मलेले मोरोपंत (1729–1794) कऱ्हाकाठी बारामतीत स्थिरावले, तिथंच त्यांनी भारताची अठरा पर्वं आर्येत आणली. ते लिहीत होते त्याच काळात, 1767 ते 1795, अहिल्याबाई महेश्वरहून होळकरांचा कारभार पाहत होत्या. पंतांनी त्यांच्यावर स्तुतीची आर्या रचली. न्याय आणि धर्म यांचं कौतुक केलं आणि संबोधन वापरलं 'देवी'. आदर खरा होता, त्याबद्दल शंका नाही. पण एकदा देवी झालेल्या बाईवर प्रेमकथा कोण लिहिणार? अहिल्याबाईंना 1754 मध्ये वैधव्य आलं. ताराबाईंनी 1700 मध्ये कारभार हाती घेतला तो राजाराम महाराज गेल्यावर. झाशीच्या लक्ष्मीबाईही विधवा. इतिहासानं गादी विधवेच्या हाती दिली आणि मराठी ललित लेखकानं तोच नियम मानला. जी राज्य करते तिनं प्रेम करायचं नाही. जी प्रेम करते ती मायावी, आणि तिच्या राज्याला खजिना नाही, पाऊसपाणी नाही, तंटाबखेडाही नाही.

ही फाळणी ओलांडायच्या जवळ आलेलं एक पुस्तक आहे आणि ते वाचलेला माणूस आज शोधावा लागतो. काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी, 1928 ची. एका संस्थानाचा कारभार नायिकेच्या हाती येतो आणि ती बायकांच्या हिताचं राज्य घडवू पाहते. मराठीत इतक्या गंभीरपणे बाईच्या हाती कारभार देऊन बघणारं दुसरं पुस्तक मला आठवत नाही. पण नवरा? तो बुद्धीनं अधू. म्हणजे विधवा नसलेल्या बाईला राज्य द्यायचं तर नवऱ्याला असून नसल्यासारखा करावा लागला. काशीबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळात यापेक्षा मोकळी फट नव्हती. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या 'सुलतानाज ड्रीम'मध्ये पुरुषांनाच पडद्यात बसवलं आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करणारं, हवेतून वाहनं उडवणारं राज्य बायकांच्या हाती दिलं. मजेदार आहे, धारदारही आहे. मात्र प्रेमकथा तिथंही नाही.

आज राणीच्या प्रेमकथेचा हा प्रकार मराठीत जिवंत आहे तो मोबाइलवर. बारामती-इंदापूर एसटीत संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर चढलात तर दिसेल. भवानीनगर येईपर्यंत जागा मिळत नाही, जंक्शनला गर्दी थोडी हलते, आणि खिडकीशी बसलेली मुलगी 'प्रतिलिपी'सारख्या ॲपवर कुठल्याशा महाराणीचा साठावा भाग वाचत असते. मी अशा मालिका बऱ्याच वाचल्या आहेत, काही नेटानं, काही चोरून आवडीनं. राज्याचं नाव संस्कृत वळणाचं. राणी करारी, मनात जुनी जखम. शत्रूच्या राज्याचा राजपुत्र वेष पालटून येतो किंवा तहापोटी लग्न होतं. काळजाचा ठोका प्रत्येक भागात एकदा तरी चुकतो. दरबाराची सजावट थेट 'बाहुबली'च्या माहिष्मतीतून उचललेली आणि मध्येच सेनापती राणीला 'सॉरी' म्हणतो.

हसू येतं, पण हसून सोडून देण्याइतकं हे लेखन हलकं नाही. मराठीत क्वचित दिसणारी एक गोष्ट इथं सहज घडते. बाई पुरुषाकडे बघते. त्याचे खांदे, त्याचा आवाज, घोड्यावरून उतरतानाची त्याची ढब, सगळं तिच्या नजरेनं येतं आणि त्या बघण्याला शाप लागत नाही. मैनाकिनीची इच्छा पोथीत मोह होती, नाथाच्या वाटेवरची आडकाठी. इथं ती गोष्टीचा कणा आहे. हे लिहिणाऱ्या मुली कुठल्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर दिसत नाहीत, समीक्षकांनी त्यांची दखल घेतलेली नाही. यात नुकसान समीक्षकांचं जास्त.

माझी तक्रार वेगळी आहे. राणी सिंहासनावर बसते आणि पन्नास भागांत एकही निवाडा करत नाही. ज्या तालुक्यांत या गोष्टी वाचल्या जातात तिथं सत्ता कशी चालते हे पोरीसोरींना पाठ आहे. 2011 पासून महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. शिक्का बाईकडे आणि फोन सरपंचपतीकडे, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं असतं. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की शेवटच्या टोकापर्यंत पाणी पोचेस्तोवर किती भांडणं होतात, पाळी रात्री आली तर दारं धरायला कोण जातं, उसाची तोड कुणाच्या फडात आधी लागते. राज्य म्हणजे हेच तर. काल्पनिक प्रदेशात पाण्याऐवजी चांदणं वाटा हवं तर, पण वाटणी दाखवा. प्रेमही तिथंच खरं कसाला लागतं. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याच भावकीविरुद्ध निवाडा द्यायची वेळ आली, तर राणी काय करेल?

मागच्या वर्षी बारामतीत काही विद्यार्थिनींशी बोलताना मी हे सगळं ऐटीत सांगितलं. निमगाव केतकीकडच्या एका मुलीनं नंतर वही पुढे केली. तिची राणी पहिल्याच पानावर राजपुत्राला म्हणते, लग्नाचं नंतर बघू, आधी वरच्या गावानं फोडलेला बांध दाखव. तो कंदील घेऊन पुढे चालतो, ती मागून चिखलात. एका जागी तिचा पाय रुततो आणि तो हात देतो. तो हात धरून ती बाहेर येते, मग विचारते, "हा बांध तुझ्याच माणसांनी फोडला ना?" तो उत्तर देत नाही. वही तिथंच संपली होती.

"पुढं?" मी विचारलं.

"लिहितेय सर. पण त्यांचं जमवायचं का नाही ते अजून ठरत नाहीये."