नको असलेली वकिली

१ फेब्रुवारी २०२३ रोजी कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठात एक व्याख्यान व्हावयाचे होते. ते झाले नाही. वक्त्या फ्रान्सेस विडोसन यांना कॅल्गरीच्या माउंट रॉयल विद्यापीठाने २०२१च्या अखेरीस प्राध्यापकपदावरून दूर केले होते. व्याख्यानाचा जाहीर विषय विद्यापीठांतील विचारस्वातंत्र्यावरचे संकट हा होता. परंतु विद्यार्थ्यांचा रोष त्या विषयावर नव्हता. मूलनिवासी मुलांना निवासी शाळांतून एरव्ही न मिळणारे शिक्षण मिळाले, त्या शाळांना वंशसंहार म्हणणे चूक आहे, ही बाईंची मते आधीच गाजली होती. लेथब्रिज हे ब्लॅकफुट लोकांच्या भूमीवर वसलेले शहर. जवळच्याच कायनाई वस्तीत एक कॅथोलिक आणि एक अँग्लिकन अशा दोन निवासी शाळा कित्येक वर्षे चालल्या. विद्यापीठाने प्रथम व्याख्यानाला जागा देऊ केली आणि दोन दिवस उरले असता ती काढून घेतली. बाई तरीही आल्या. शेकडो विद्यार्थी जमले, ढोल वाजू लागले, बाईंचा शब्द कोणाच्या कानी पडेना. अखेर त्यांनी आपले भाषण संगणकाच्या पडद्यावरून केले.

एवढ्या दूरच्या प्रकरणाची दखल मराठी कॅथोलिक त्रैमासिकाने का घ्यावी? निवासी शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बोर्डिंग उभे राहते. धर्मभगिनींच्या बोर्डिंगात राहून शिकलेल्या, पुढे शिक्षिका किंवा परिचारिका झालेल्या बायका आपल्या घराघरांत आहेत. त्या ऋणाची जाणीव आम्हांलाही आहे. म्हणूनच मिशनरी शाळांवर कोणी आरोप केला की आपले मन आधी आरोप करणाऱ्याचा हेतू शोधू लागते, आणि कोणी बचावाला उभा राहिला की तो आपल्याला आपला वाटतो. खरे सांगावयाचे तर विडोसनबाईंच्या पक्षाचा युक्तिवाद प्रथम वाचला तेव्हा आम्हांलाही क्षणभर हायसे वाटले होते. ते हायसे वाटणे किती फसवे होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिला भेद लक्षात घ्यावयाचा तो असा, की आपल्या बोर्डिंगात मुलगी आईबापांनी आणून सोडली होती आणि सुट्टीत ती घरी येत होती. कॅनडातल्या शाळा सरकारच्या पैशावर आणि निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या व्यवस्थापनाखाली चालत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक कॅथोलिकांच्या हाती होत्या. सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. १९२०मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हजेरी सक्तीची करण्यात आली. ही सक्ती आणणारे अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट हे त्या देशाचे मान्यवर कवी होते, ही गोष्ट साहित्याला वाहिलेल्या पानांवर नोंदवलेली बरी. मुलाने आपल्या भाषेत बोलणे हा त्या शाळांत अपराध होता. मूल घडविण्यासाठी त्याला घरापासून तोडले पाहिजे, हेच या व्यवस्थेचे मूळ सूत्र होते.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते एकत्र वाचावयाचे असेल तर सी. पी. चॅम्पियन आणि टॉम फ्लॅनगन यांनी संपादित केलेला 'ग्रेव्ह एरर' हा २०२३च्या अखेरीस निघालेला लेखसंग्रह पाहावा. शीर्षकातच 'गंभीर चूक' आणि 'कबरींची चूक' असा श्लेष आहे. २७ मे २०२१ रोजी कॅम्लूप्सच्या जुन्या कॅथोलिक शाळेच्या आवारात भूवेधी रडारच्या साहाय्याने २१५ मुलांचे अवशेष आढळल्याचे तेथील सेक्वेपेम्क समाजाने जाहीर केले, ही त्याची पार्श्वभूमी. कित्येक वृत्तपत्रांनी 'सामूहिक कबर' असे मथळे दिले. वास्तविक रडार मातीतला फेरफार दाखवते, अस्थी दाखवीत नाही. त्याच वर्षी जुलैत पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी आकडा सुमारे २००वर आणला आणि या जागा 'संभाव्य' कबरी आहेत, निश्चिती उत्खननानेच होईल, असे स्पष्ट केले. म्हणजे मथळे चुकले होते, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. त्या उन्हाळ्यात कॅनडात अनेक चर्च जाळली गेली. त्यांत मूलनिवासींच्या स्वतःच्या वस्त्यांतली, त्यांच्याच आजी-आजोबांची प्रार्थनास्थळेही होती. मथळे लिहिणाऱ्यांनी त्याचाही विचार करावयास हवा होता.

परंतु येथून पुढे हा पक्ष जी उडी घेतो ती आम्हांला मान्य नाही. एका आवारातल्या मातीविषयीचा संशय संपूर्ण इतिहासावर पसरवला जातो. 'एकही देह सापडलेला नाही' हे वाक्य असे म्हटले जाते, की ऐकणाऱ्याला 'एकही मूल मेलेले नाही' असे ऐकू यावे.

मुले मेली हे कळण्यासाठी रडारची गरज कधीच नव्हती. मरी सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाने बेपत्ता मुले आणि अचिन्हित कबरी यांवरचा स्वतंत्र खंड २०१५मध्येच प्रसिद्ध केला होता. आयोगाने सरकार आणि चर्च यांच्याच कागदपत्रांतून सुमारे ३,२०० मृत्यू मोजले. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश नोंदींत मृत मुलाचे नावही नाही. जवळजवळ निम्म्या नोंदींत मृत्यूचे कारण नाही. पुढे राष्ट्रीय केंद्राच्या यादीत ही संख्या ४,१००च्या वर गेली. त्याही आधी, १९०७मध्ये, सरकारच्याच सेवेतले डॉक्टर पीटर ब्राइस यांनी ३५ शाळांची तपासणी करून कोंदट शयनगृहांतून क्षय कसा पसरतो ते लिहून ठेवले होते. त्यांच्या सूचना गुंडाळून ठेवण्यात आल्या. निवृत्त झाल्यावर, १९२२मध्ये, त्यांनी ही हकिगत स्वतः छापली आणि तिला 'राष्ट्रीय अपराध' म्हटले.

'त्या काळी क्षयाने सगळीकडेच मुले मरत होती' हे दुसरे उत्तर. ते अर्धे खरे आहे म्हणून अधिक घातक आहे. १९४१ ते १९४५ या काळात निवासी शाळांतला मृत्युदर देशातल्या सर्वसाधारण मुलांच्या जवळजवळ पाचपट होता, असे आयोगाची आकडेवारी सांगते. साठच्या दशकातही तो दुप्पट होता. शिवाय क्षयाने मेलेल्या मुलाचा देह खर्चाच्या कारणाने घरी न पाठवणे हे काही क्षयाचे लक्षण नव्हे.

आणखी एक पुरावा हा पक्ष आवडीने देतो, आणि तो साहित्यातला असल्यामुळे त्याचा परामर्श घेणे आम्हांला भाग आहे. काही माजी विद्यार्थी शाळेविषयी आपुलकीने बोलतात. क्री नाटककार टॉमसन हायवे यांनी आपल्या शाळेतल्या दिवसांविषयी कृतज्ञतेचे उद्गार काढले आहेत आणि ते वारंवार पुढे केले जातात. त्याच हायवे यांची १९९८ची 'किस ऑफ द फर क्वीन' ही कादंबरी मात्र त्या वेळी कोणाला आठवत नाही. तिच्यात कॅथोलिक निवासी शाळेतल्या दोन क्री भावांवर धर्मगुरूकडून अत्याचार होतात. एकाच लेखकाच्या अंतःकरणात दोन्ही असू शकते. उद्गार घ्यावयाचे आणि कादंबरी वगळावयाची, हे वाचन नव्हे.

बेसिल जॉन्स्टन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. हे अनिशिनाबे लेखक दहा वर्षांचे असताना, १९३९मध्ये, चार वर्षांच्या बहिणीसह ऑन्टॅरिओतल्या स्पॅनिश या गावी नेले गेले. तेथे येशूसंघीयांची शाळा होती, संत पीटर क्लेव्हर यांच्या नावाची. १९८८मध्ये त्यांनी 'इंडियन स्कूल डेज' हे आठवणींचे पुस्तक लिहिले. पुस्तक खट्याळ आहे. मुलांच्या खोड्या, पोटातली भूक, धर्मगुरूंच्या लकबी, आपसांतली दोस्ती यांनी ते भरलेले आहे, आणि काही येशूसंघीयांची त्यात प्रेमाने काढलेली चित्रेही आहेत. बचाव पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही, असे ते वाचताना वाटते. पण २००७मध्ये, निवासी शाळांच्या साहित्यावरील एका समीक्षाग्रंथाला प्रस्तावना लिहिताना, या वृद्ध लेखकाने त्या शाळेत आपल्यावर लैंगिक अत्याचार झाले होते हे सांगितले. १९८८च्या पुस्तकात त्याचा शब्दही नाही. पहिले पुस्तक त्यामुळे खोटे ठरत नाही. विनोद खरा होता, मैत्रीही खरी होती. मात्र एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाही म्हणून ती घडली नाही, असे म्हणणाऱ्या वाचकाला जॉन्स्टन यांचे मौन एकोणीस वर्षे फसवीत राहिले असते. विडोसनबाईंच्या पक्षाचे सगळे वाचन याच जातीचे आहे. जेथे शब्द नाही तेथे त्यांना निर्दोषत्व दिसते.

मग लेथब्रिजला जे झाले ते योग्य होते काय? विद्यापीठाच्या प्रमुखांनी मत बदलले, ते आम्हांला रुचले नाही. जागा द्यावयाची नव्हती तर प्रथमच तसे सांगावयाचे होते. ढोलांविषयी आमचे मन द्विधा आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या सोहळ्यांवर कायद्याने १९५१पर्यंत बंदी होती, त्यांचा ढोल हा केवळ गोंगाट नव्हे. तरीही ढोलाने भाषण बुडते, त्याचे खंडन होत नाही, आणि वक्त्याला हुतात्म्याचा मान मात्र आयता मिळतो. आयोगाचे खंड हातात घेऊन कोणी त्याच दालनात बाईंना एकेका नोंदीचा जाब विचारला असता, तर आम्हांला ते अधिक आवडले असते. अर्थात हा सल्ला देणे आम्हांला सोपे आहे. आमच्या आजीला कोणी त्या शाळेत नेले नव्हते.

आमचा विरोध मुख्यतः आपल्या घरातल्या मोहाला आहे. पापनिवेदनाच्या वेळी 'इतरांनीही केले', 'पुरावा काय' असे म्हणावयाचे नसते, हे आपल्याला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीतच शिकवले गेले. मेरी इमॅक्युलेटच्या ऑब्लेट संघाने १९९१मध्ये क्षमा मागितली. कॅनडाच्या बिशपांनी एकमुखाने ती मागावयास २०२१चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात २००६च्या करारानुसार कॅथोलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्याचा प्रयत्न करावयाचा होता. जमले ते चाळीस लाखांहून कमी, आणि २०१५मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने त्या जबाबदारीतून सुटका झाली. विडोसनबाईंवर रागावण्याआधी आपल्याला या आकड्याची लाज वाटावयास हवी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांना त्यांच्या अखेरच्या वर्षांत चाकाच्या खुर्चीतून वावरावे लागे. तशा अवस्थेत २०२२च्या जुलैत ते कॅनडाला गेले आणि २५ तारखेला मास्क्वासिस येथे मूलनिवासींची क्षमा मागितली. अस्थी सापडेपर्यंत ते थांबले नाहीत. त्या दिवशी मृत मुलांची नावे लिहिलेले लांबच लांब लाल कापड लोकांनी हातांवर धरून त्यांच्यासमोर आणले. पोप महोदयांनी त्या कापडाचे चुंबन घेतले. ज्यांची नावे कोणत्याच नोंदवहीत लिहिली गेली नाहीत, ती मुले त्यावर नव्हती.