स्वतःचंच कव्हर वाजवायचं का? : इंडस क्रीडचं पुनरागमन

मंडळी, एखादा जुना बँड नवी गाणी घेऊन परत आला की आपण पहिलं काय विचारतो? ‘अजून जमतंय का यांना?’ मला हा प्रश्न फार उपयोगाचा वाटत नाही. हा बँड मुळात कशासाठी झगडत होता आणि तो झगडा अजून चालू आहे का, हे विचारलं तर जास्त हाती लागतं.

आपल्या मुंबईच्या इंडस क्रीडचं उदाहरण घेऊ. १९८४ साली हा बँड सुरू झाला तेव्हा त्याचं नाव होतं रॉक मशीन. तो काळ आठवा. रॉक ऐकणारी मुलं परदेशी कॅसेटवर वाढलेली. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये चांगला बँड कोणता, तर डीप पर्पलचं गाणं हुबेहूब वाजवून दाखवणारा. स्टेजवर पोरं आपली, गाणं दुसऱ्याचं. अशा श्रोत्यांसमोर रॉक मशीननं स्वतः लिहिलेली गाणी आणली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे दोन अल्बम काढले. ‘आमचं गाणं ऐका’ असं म्हणणं हेच त्या वेळी धाडस होतं.

१९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ च्या अल्बममध्ये भारतीय वाद्यांचे रंगही आले. पण १९९७ मध्ये बँड थांबला. इंडीपॉप आणि सिनेसंगीताच्या बाजारात इंग्रजी रॉकला जागा किती उरली होती, ते तुम्हाला माहीत आहेच. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा प्रकल्प केला.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. आता गंमत बघा. पूर्वी लोक म्हणायचे, ‘डीप पर्पल वाजवा.’ आता म्हणायला लागले, ‘प्रिटी चाइल्ड वाजवा.’ मागणी प्रेमाची आहे, मान्य. पण आहे तीच! ओळखीचं द्या, नवं नको. ज्यांनी कव्हर वाजवायला नकार दिला, त्यांनी आता स्वतःचंच कव्हर वाजवत बसायचं का?

त्यांचं उत्तर २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’मध्ये आहे. १७ वर्षांनी आलेला अल्बम आणि त्यात आठ नवी गाणी. बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही जुनी मंडळी. बास रुशाद मिस्त्री आणि ड्रम्स जय राव कवी या नव्या पिढीच्या वादकांकडे दिले. त्याचा परिणाम थेट ऐकू येतो. ठेका जास्त भरीव आहे, गाणी वळणं घेतात, मुखड्याकडे धावत सुटत नाहीत. आवाजाला वय आहे आणि ते लपवलेलं नाही.

उणं नाही असं नाही. पहिल्याच ऐकण्यात मनात घर करून बसेल असं, ‘प्रिटी चाइल्ड’सारखं गाणं मला यात सापडत नाही. टिम पामर यांचं मिक्सिंग देखणं आहे, पण कुठे कुठे फारच गुळगुळीत वाटतं. आणि मोठी तक्रार अशी, की १९९५ मध्ये ‘आपलं रॉक कसं वाजेल?’ हा प्रश्न त्यांनी हातात घेतला होता, तो इथे बाजूला ठेवलाय. ही गाणी मुंबईत लिहिली काय किंवा आणखी कुठे, फारसा फरक पडला नसता.

तरीसुद्धा मी ‘इव्हॉल्व्ह’च्या बाजूनं बोलेन. फक्त जुन्या गाण्यांवर कार्यक्रम करत राहणं त्यांना सहज जमलं असतं, टाळ्याही भरपूर पडल्या असत्या. त्यांनी पडण्याची शक्यता असलेली गाणी लिहिली. १९८८ मध्येही नेमकं हेच केलं होतं.

आता राहिला प्रश्न आपला, श्रोत्यांचा. पुढच्या वेळी जुनं गाणं मागण्याआधी तीन नवी नीट ऐकून घ्या. नाही आवडली तर तसं सांगा, पण ऐकून सांगा. बरं, प्रश्न असतील तर घेऊ या.