'मिळणे' आणि 'फुटणे' : हृदयनीलांच्या परिभाषेतील दिशादोष

शरीररचनाशास्त्राची परिभाषा शवविच्छेदनाच्या मेजावर घडली आहे. जे स्थिर पडलेले दिसते त्यास नाव द्यावे, एवढीच तिची प्रतिज्ञा. त्या नावांच्या आधारे जिवंत हृदयातून वाट काढण्याची वेळ आली, तेव्हा तिची उणीव प्रथम जाणवली.

वेर्नर फोर्समान याने १९२९ मध्ये स्वतःच्या हाताच्या नीलेतून हृदयापर्यंत कॅथेटर नेला, तेव्हा नळी रक्ताच्या ओघाबरोबरच चालली होती. हृदयाच्या स्वतःच्या नीलांची गोष्ट निराळी. हृदयभित्तींतील बहुतेक अशुद्ध रक्त मागील बाजूच्या एका रुंद नीलामार्गात गोळा होऊन उजव्या अलिंदात उतरते. दुर्बळ हृदयाच्या डाव्या निलयास विद्युत्प्रेरणा देणारी तार बसविताना या मार्गात अलिंदाकडून, म्हणजे ओघाच्या उलट, शिरावे लागते. ग्रंथ सांगतात की अमुक नीला मार्गास 'मिळते'. तार नेणाऱ्यापुरती ती तेथे 'फुटते'. संगम आणि फाटा ही एकाच स्थळाची नावे खरी. परंतु रक्ताला जो सहज संगम, तोच कित्येकदा तारेला मागे मुरडावयास लावणारा तीव्र कोन ठरतो.

'झडप' या शब्दात हा दोष अधिक खोल आहे. मार्गाच्या मुखाशी थेबेसियसची झडप असते : कोठे चंद्रकोरीसारखी, कोठे जाळीदार, कोठे मुळीच नाही, तर क्वचित जवळजवळ सारे मुख झाकणारी. आत, जेथे बृहत् हृदयनीला या मार्गास मिळते तेथे, व्ह्यूसाँची झडप. तिचे पाते इतके तलम असते की 'अडथळा' म्हणावयासही संकोच वाटावा. तथापि रक्त तिला लोटून उघडते आणि समोरून आलेले तारेचे टोक तिच्या खोबणीत रुतते. बाहेरच्या बाजूस उघडणारे दार आतल्या बाजूस लोटून काय उपयोग? हाताने ओढावे, तर तारेला हात नाही. तेथे बळ लावले तर नीलेची भिंत फाटण्याचे भय; म्हणून बारीक तार हलके फिरवीत पुढे न्यावी लागते. तेही न साधल्यास काही रुग्णांत छाती उघडून बाहेरून तार बसवावी लागते. झडपेच्या वर्णनात दिशा सांगणे ही केवळ शब्दशुद्धीची हौस नव्हे, ती एवढ्याचसाठी.

व्यक्तिनामांनी तर अर्थ पुरताच हरवला आहे. व्ह्यूसाँचा ग्रंथ १७०६ चा, थेबेसियसचा प्रबंध १७०८ चा. त्यांचा मान निर्विवाद. पण थेबेसियसचेच नाव थेट हृदयकप्प्यांत उघडणाऱ्या सूक्ष्म नीलांनाही लाभले आहे. विद्यार्थी त्या नीलांत ती झडप शोधू लागला, तर दोष त्याचा नव्हे.

मराठीत अलिंद म्हणजे ओसरी आणि निलय म्हणजे घर. ही नावे योजणाऱ्याला रक्त कोठून कोठे जाते याचे भान होते. तेच भान ठेवून 'मुखझडप' आणि 'संगमझडप' म्हणता येईल. आणि दुसऱ्या नावापुढे, ती तारेच्या वाटेवर मिटते, एवढी एक टीप.