इमाम गझालींचें आत्मनिवेदन

ख्रिस्त्यांचीं मुलें ख्रिस्तीच होतात, यहुद्यांचीं यहुदी आणि मुसलमानांचीं मुसलमान; मग आपल्या श्रद्धेंत आईबापांचें किती आणि आपलें स्वतःचें किती, असा प्रश्न अकराव्या शतकांत इराणांतील तूस येथील एका तरुण मुसलमानास पडला. हा तरुण म्हणजे १०५८ सालीं जन्मलेले इमाम अबू हामीद गझाली. पन्नाशी उलटल्यावर त्यांनीं या प्रश्नाचा इतिहास अरबींत लिहून काढला. ‘भ्रांतींतून सोडवणूक’ असा त्या लहानशा पुस्तकाच्या नांवाचा अर्थ होतो.

क्लॉड फील्ड यांनीं १९०९ सालच्या इंग्रजी भाषांतरास ‘कबुलीजबाब’ या अर्थाचें नांव दिल्यामुळें इंग्रजी शिकलेल्या वाचकास सेंट ऑगस्टीनची आठवण होते. ती आम्हांस फसवी वाटते. ऑगस्टीन तारुण्यांतील वासनांचा पाढा वाचतो; गझालींपाशीं कबूल करण्याजोगें पाप एकच, तें विद्येचें, आणि तेंहि निम्म्याहून अधिक पुस्तक संपेपर्यंत पुढें येत नाहीं.

या तरुणास धर्म सोडावयाचा नव्हता. त्यास खात्री हवी होती, आणि तीहि गणितासारखी. दहा हे तिहींपेक्षां अधिक, हें एकदां कळल्यावर कोणी काठीचा साप करून उलट सांगूं लागला, तर त्याच्या करामतीचें नवल वाटेल, पण दहा कांहीं कमी होणार नाहींत. (चमत्कारावर धर्म तोलणाऱ्यांनीं, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.) पुढें डोळ्यांवरचा विश्वास उडतो, कारण स्थिर दिसणारी सावली सरकत असते; मग बुद्धीवरचा, कारण स्वप्नांतहि सारें खरेंच वाटतें. हा रोग दोन महिने टिकला, आणि युक्तिवादानें नव्हे तर ईश्वरानें हृदयांत टाकलेल्या प्रकाशानें बरा झाला. देकार्त वाचलेला विद्यार्थी येथें हिरमुसतो. आम्हांस मात्र ही प्रांजळता वाटते. ज्या बुद्धीवरच संशय, तिच्याच साक्षीनें निकाल लावण्याचें सोंग गझालींनीं केलें नाहीं. अंधानुकरणाची कांच फुटली कीं ती सांधतां येत नाहीं, वितळवून नव्यानें ओतावी लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

यापुढील भागाची मांडणी आम्हांस कृत्रिम वाटते. कलामशास्त्री, तत्त्वज्ञ, बातिनी व सूफी हे चार वर्ग ते शाळेंतील इयत्तांप्रमाणें एकामागून एक ओलांडतात. आयुष्य इतकें शिस्तींत चालत नाहीं. ज्या वजीर निजामुल्मुल्कांनीं त्यांस बगदादेंत नेमलें, त्यांचा १०९२ मध्यें खून झाला. त्याविषयीं अवाक्षर नाहीं. तरीहि ग्रहणाचें गणित धर्माच्या नांवानें नाकारणारा अडाणी मित्र इस्लामचा घातच करतो, हा त्यांचा इशारा मोलाचा आहे.

पुस्तकाचा खरा प्राण बगदादच्या पानांत आहे. तेहतिसाव्या वर्षीं निजामिया विद्यालयाचें आचार्यपद, समोर तीनशें विद्यार्थी. १०९५ मध्यें आपण शिकवितों तें कशासाठीं, असें त्यांनीं स्वतःस विचारलें, आणि उत्तर आलें: कीर्तीसाठीं. सहा महिने आज निघावें, उद्यां राहावें, असें चाललें. शेवटीं वर्गांत जीभच वळेना, अन्न पोटांत जाईना, वैद्यांनीं हात टेकले. आमच्यासारख्या शिक्षकी पेशाच्या माणसास हीं पानें सुखानें वाचतां येत नाहींत. मक्केस जातों असें सांगून ते शामकडे निघाले व दमास्कसच्या मशिदीच्या मिनारांत दार लावून बसूं लागले. आरोग्याची व्याख्या येणें निराळें आणि निरोगी असणें निराळें, हा त्यांचा दृष्टांत येथेंच कळतो. मात्र दहा वर्षांच्या एकांतांत काय अनुभवलें, हें ते जवळजवळ सांगतच नाहींत. मुलांच्या ओढीनें घरीं परतलों, हें मात्र मोकळेपणानें सांगतात. आम्हांस तें वाक्य फार आवडलें.

११०६ मध्यें ते सुलतानाच्या आज्ञेवरून निशापूर येथें पुन्हां शिकवूं लागले. पूर्वीं मान मिळविण्याची विद्या शिकविली, आतां मान सोडण्याची शिकवितों, हें त्यांचें समर्थन. आपण ध्येयास पोंचूं कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, असेंहि ते म्हणतात. तथापि आमचें समाधान होत नाहीं. हेतु आतां शुद्ध झाला हें कशावरून, असें खडसावून विचारणारा तूसचा तो तरुण या शेवटच्या पानांत आम्हांस कोठें दिसला नाहीं.