फुग्यांची कीर्ती आणि फुग्यांची चव

दिवाळीच्या दिवसांत आपण सगळेच थोडेफार टीकाकार होतो. शेजारच्या घरून आलेल्या ताटावरचा रुमाल दूर झाला की चकली खुसखुशीत आहे की चिवट, करंजीचे पुरण भरपूर आहे की नुसता खुळखुळा, याचा निवाडा घरातील लहानथोर बसल्या जागी करून टाकतात. मात्र हा निवाडा ताटाच्या मालकिणीच्या कानावर जात नाही. तिला आपण सांगतो, "फराळ अगदी उत्तम झाला होता हो!" खाद्यपदार्थांच्या कीर्तीचा निम्मा भाग असल्या सौजन्यातूनच वाढलेला असतो, असा माझा फार दिवसांचा संशय आहे. तो पारखून पाहण्याची संधी मला वसईत आली, आणि ती फुग्यांच्या निमित्ताने.

वसईचे फुगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लिंबाएवढा किंवा किंचित मोठा, वरून तांबूस, आतून पोकळ व जाळीदार असा हा तळलेला गोडसर पाव. मैदा, अंडी, नारळाचे दूध, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि पीठ फुगवण्यासाठी पूर्वी ताडी, आता बहुधा यीस्ट. वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात लग्न, बारसे, नाताळ फुग्यांवाचून साजरे होत नाहीत. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. दोनशे वर्षांच्या त्या राजवटीचा किल्ला आज पडका उभा आहे. परंतु पाव हा शब्द आणि पीठ आंबवून फुगवण्याची ती रीत स्वयंपाकघरांत अजून धडधाकट आहे. त्या रीतीत आपल्या वाडीतल्या नारळाचे दूध मिसळले आणि नाव मात्र शुद्ध मराठी पडले: फुगे.

या फुग्यांची ख्याती मी वर्षानुवर्षे ऐकत होतो. "सकाळच्या चहाबरोबर दोन फुगे खाऊन पाहा, तुमचा शिरा विसराल," असे मला एकाहून अधिक वसईकरांनी बजावले होते. शिऱ्याचा हा अपमान मनात ठेवूनच मी एका जत्रेतल्या दुकानातून डझनभर फुगे विकत घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर घरच्या मंडळींपुढे ठेवले. प्रांजळपणे सांगतो, निराशा झाली. फुगा हाताला गार, दाताला चिवट आणि जिभेला जवळजवळ मुका. आमच्या नातवाने एक चावून परत ताटलीत ठेवला आणि विचारले, "आजोबा, याच्या आत काही भरायचे राहिले का?"

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. पण जत्रेतला एक डझन माल पाहून एका पदार्थाला फाशी देणे हे टीकाकाराला शोभत नाही. म्हणून गेल्या नाताळात वसईतल्या एका स्नेह्यांच्या घरी सकाळीच जाऊन थडकलो.

घरच्या मावशी सत्तरीच्या. त्यांनी माझ्यापुढे दोन बशा ठेवल्या. "ही बशी कालची, बाहेरून मागवलेली. ही आत्ता काढते ती. दोन्ही खा आणि खरे सांगा. पाहुणा म्हणून नको, लिहिणारा म्हणून सांगा."

बाहेरून का मागवले, हे विचारण्याची गरज नव्हती. फुग्याचे पीठ नुसते कालवून भागत नाही. ते हाताने खालून वर उचलून थापटावे लागते, बुडबुडे येईपर्यंत. मग काही तास झाकून ठेवायचे. शंभर-दीडशे फुग्यांचे पीठ म्हणजे दंडांची कसोटी. पूर्वी या कामाला आळीतल्या चार-सहा बायका जमत. आता मावशींचे खांदे दुखतात, आणि दोन्ही सुना एरवी पहाटेची विरार लोकल पकडून मुंबई गाठतात. म्हणून पाहुण्यांसाठी शंभर फुगे विकतचे, आणि हट्टाने घरचे वाटीभर पीठ, असा समझोता झाला होता.

मावशींनी ओला हात पिठात घातला, मूठ आवळली, आणि अंगठा व तर्जनीच्या मधून वर आलेला पिठाचा गोळा अलगद कढईत सोडला. तो तळाशी गेला, वर आला, फुगला आणि एक बाजू तांबूस होताच आपण होऊन उलटला. "झारा लावावा लागला तर समजायचे पीठ कच्चे," मावशी म्हणाल्या. कारण अगदी साधे आहे. पीठ पुरते आंबले की आत हवेची जाळी धरते. तळलेली बाजू हलकी पडते आणि वरची ओली, जड बाजू त्याला उलटून टाकते.

तो फुगा मी हात भाजत खाल्ला. वरचे कवच पातळ, आतून वाफ, वाफेला नारळाचा वास आणि गोडी इतकी बेताची की दुसरा उचलल्यावर ती नीट कळली. मग कालचा खाल्ला. तोच आकार, तेच साहित्य, पण जत्रेतल्या डझनाचा सख्खा भाऊ.

आता निवाडा. पहिला आरोप असा की फुगा गोड म्हणून गाजवला जातो आणि तो गोड नाही. हा आरोप खरा, पण दोष फुग्याचा नव्हे, गाजवणाऱ्यांचा. फुगा मुळात मिष्टान्न नाही, तो पाव आहे. इंद्यालाच्या आंबट-तिखट रश्शात बुडवून खाण्यासाठी त्याला ती बेताची गोडी दिलेली आहे. सकाळचा चहा-फुगा हा सणाच्या रात्रीचे उरलेले संपवण्याचा प्रकार. त्याला शिऱ्याच्या पंक्तीला बसवणे म्हणजे तबलजीला गायला लावण्यासारखे आहे.

दुसरा आरोप शिळेपणाचा, आणि येथे मला फुग्याची बाजू घेता येत नाही. मंगळुरी बन्स पाहा: त्यात पिकले केळे कुस्करलेले असते, म्हणून ते दुसऱ्या दिवशीही मऊ व गोड लागतात. अनारसा तर चार दिवसांनीही तोंड दाखवतो. फुगा मात्र तासाभरात उतरतो. ज्याची चव कढईपासून बशीपर्यंतच टिकते त्याने दुकानात बसू नये.

तिसरी तक्रार ताडीची. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी ही परवान्याची वस्तू झाली. यीस्ट मात्र कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. यीस्टने फुगा फुगतो, यात शंका नाही. पण ताडी पिठाला जी हलकी आंबूस चव देते, ती यीस्ट देत नाही. आणि त्या आंबूसपणावाचून नारळाची गोडी सपाट पडते. मावशींनी त्या दिवशी कोठून तरी पेलाभर ताडी मिळवली होती. दोन बशांमधला निम्मा फरक त्या पेल्यात होता, असे माझे मत आहे.

हे सगळे मी मावशींना सांगितले. बाहेरचे फुगे चांगले नाहीत, हेही सांगितले. वाटले, आता घरचा माल जिंकला म्हणून त्या खूश होतील. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वर्षी मला जमले नाही, तर आमच्या पोरांना फुगा कसा असतो ते कळणारच नाही."

टीकाकाराजवळ याला उत्तर नसते. वसई-विरारची महानगरपालिका 2009 साली झाली. 2011 च्या जनगणनेत या शहराची वस्ती बारा लाखांच्या वर गेली. इमारतींच्या छोट्या स्वयंपाकघरांत सहा बायकांना मांडी घालून बसायला जागा नाही, आणि कामावर जाणाऱ्या सुनांना दोष देणे हा अन्याय होईल. पण मावशींचा धाकटा नातू, विशीतला मुलगा, मोबाईल बाजूला ठेवून कढईजवळ आला आणि त्याने पिठात हात घातला. त्याचा पहिला गोळा शेपटीवाला पडला. दुसराही. तिसरा मात्र आपण होऊन उलटला, आणि मावशींनी तो त्याला न देता माझ्या बशीत टाकला.

तेव्हा माझे मत असे: विकतचा फुगा आपल्या कीर्तीला उतरत नाही, त्यासाठी वाकडी वाट करून वसईला जाऊ नये. कोणी घरी बोलावले तर मात्र अवश्य जावे, कढईजवळची जागा धरावी, आणि जमल्यास पीठ थापटायला हातभार लावावा. मी येत्या नाताळात जाणार आहे. आमच्या नातवालाही बरोबर नेणार आहे. आत काय भरायचे राहिले, हे त्याचे त्यालाच पाहू दे.